जोडीचं काम

१

दुपारचं जेवण उरकलं की मिस्त्रीण शेडचं मागचं दार उघडायची, पाण्यानं भरलेल्या पिंपाच्या काठावर होडीचं इंजिन टांगायची आणि दोरी खेचायची. होडीचं इंजिन तपासायला समुद्र लागत नाही. पंखा बुडेल आणि इंजिन गार राहील एवढं पाणी पिंपात असलं म्हणजे झालं. वडिलांपासूनची ही रीत. वडील गेले तेव्हा लोकांनी तिला आधी थट्टेनं मिस्त्रीण म्हणायला सुरुवात केली. पुढे एकेकाचं इंजिन बंद पडायला लागलं, तसं तेच लोक मुकाट्यानं म्हणायला लागले.

चालू इंजिनापाशी शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून शेडमध्ये हातांची भाषा होती. बोट वर करून गोल फिरवलं की 'वाढव'. मूठ वळून दाखवली की 'बंद कर'. ती आणि धाकटा भाऊ लहानपणापासून ही भाषा घरातही वापरायचे. ताटात भात वाढताना धाकटा बोट फिरवायचा, आणि ताईचं व्याख्यान सुरू झालं की मूठ दाखवायचा. त्या मुठीला ताईनं उभ्या जन्मात दाद दिली नव्हती.

वडिलांची आणखी एक रीत होती. त्यांनी दोन अगदी सारखी इंजिनं घेतली होती, एक लेकीच्या होडीला, एक लेकाच्या. एकाला जे करायचं ते दुसऱ्यालाही करायचं, म्हणजे अडल्यावेळी याचा भाग त्याला बसतो. सांध्यात घालायचं एक गॅस्केट कापायचं तर दोन कापायची. याला ते जोडीचं काम म्हणायचे. खिडकीवर दोन फळ्या होत्या, एक ताईची, एक धाकट्याची, आणि तयार झालेला भाग ज्याचा त्याच्या फळीवर जायचा.

गेल्या वर्षी धाकटा भर ओहोटीत खाडीच्या मुखातून आत यायला निघाला. धक्क्यावरून सगळ्यांना दिसत होतं. होडीचं तोंड गावाकडे, इंजिन पूर्ण ताकदीनं ओरडतंय, आणि होडी मात्र मागे मागे चाललीय. अशी मागे जात जातच ती दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाज त्यानंतरही येत राहिला, टाकीतलं पेट्रोल संपायला हवं होतं त्याच्या कितीतरी नंतरपर्यंत. होडी सापडली नाही, तोही सापडला नाही. त्या आवाजाबद्दल गावात कुणी बोलत नसे.

२

ओहोटीत गेलेला ओहोटीतच सापडणार, म्हणून ओहोटीला हरवेल असं इंजिन करायचं आणि मुखाबाहेर जाऊन धाकट्याला आणायचं, जसा असेल तसा. मिस्त्रिणीनं एवढंच ठरवलं होतं. शहाण्या लोकांनी समजावलं की बाई, पाण्याशी वैर धरू नये. "मी नाही धरलं, त्यानं धरलंय," ती म्हणाली आणि कार्बोरेटर उघडला.

शेडच्या दारात काका बसलेले असत. हे वडिलांचे धाकटे भाऊ. पाणी थांबलेलं असलं की ते होडीतून माणसं पलीकडे सोडत, आणि उरलेला दिवस एका उलट्या खोक्यावर बसून फुकट सल्ले देत.

"इंजिन काय न् गाढव काय," काका म्हणाले, "अंगाबाहेरचं काम लावलं की बसकण मारतं."

"गाढवाला मिस्त्री नसतो, काका."

"पण तुझ्यासारखा मालक असतो."

तिला हसू आलं. कार्बोरेटरमध्ये पितळेची एक बारीकशी तोटी असते, जेट म्हणतात तिला. तिच्या भोकातून पेट्रोल जातं. सुईसारखं ड्रिल चिमटीत धरून तिनं ते भोक केसभर मोठं केलं. इंजिनाला खाऊ जास्त, जोर जास्त. मग हात सवयीनं डब्यात गेला, दुसरी तोटी निघाली, आणि तिचंही भोक मोठं होऊन गेलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की दुसरं इंजिन आता नाही. तिला स्वतःचाच राग आला. पण केलेलं काम टाकून द्यायची तिची जात नव्हती. तिनं तोटी धाकट्याच्या फळीवर ठेवली.

पिंपात इंजिन मोकळ्या गळ्यानं बोललं. तिनं हवं तेवढं पळवलं आणि बंद केलं.

आवाज थांबला. पण दूर, खाडीच्या मुखाच्या दिशेनं, तो अजून येत होता.

पलीकडच्या काठावर बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या उंच भिंतीवर आवाज आपटून परत येतो. तिनं हातोडी उचलली आणि पिंपावर एक ठोका घातला. भिंतीनं लगेच एक ठोका परत केला आणि गप्प बसली. मुखाकडचा आवाज मात्र चालूच होता. तो जुनाच होता, नव्या तोटीच्या आधीचा, घुसमटलेला. आणि मधूनच त्याला उचकी लागत होती.

धाकट्याच्या इंजिनाला उचकी होती. कार्बोरेटरमधली, पेट्रोल मापात आत सोडणारी फ्लोटची सुई झिजली होती. मिस्त्रीण सारखी म्हणायची, बदलू दे. जोडीच्या कामातून त्यानं ही एकच गोष्ट वगळायला लावली होती. "राहू दे गं ताई. कुणीतरी आठवण काढतंय, काढू दे."

"काका, ऐकू येतंय?" तिनं विचारलं.

काकांनी मुखाकडचा कान हातानं खाजवला आणि तोंड गावाकडे वळवलं. "वय झालं माझं," ते म्हणाले.

३

दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या फळीवर तोटी नव्हती.

तोटी ती केवढी! घरंगळली असेल. मिस्त्रिणीनं जमीन झाडली, फळीखालचे डबे उपसले, आपल्याच एप्रनचे खिसे उलटे केले. नाही सापडली. खड्ड्यात गेली म्हणून तिनं विषय सोडला.

ओहोटी लागली, तिनं पिंपातलं इंजिन चालू केलं आणि बंद केलं. मुखाकडून आवाज आला. आज त्याचा गळा मोकळा होता. उचकी तशीच, बाकी सगळं मोकळं.

ती तिथेच उभी राहिली. दुसऱ्या कुणाचं इंजिन असेल. पण दुसऱ्या कुणाचं इंजिन भर ओहोटीत मुखात काय करतंय? कान वाजत असतील. पण वाजणाऱ्या कानांना उचक्या कशाला लागतील? तिनं एकेक शंका उचलून पाहिली आणि एकेक खाली ठेवली. शेवटी एकच उरली, ती मात्र तिनं हातात घेतली नाही.

संध्याकाळी ती धक्क्यावर गेली. भावजय तिथे जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन गाठी मारत बसली होती. धाकटा गेल्यापासून जाळी दुरुस्त करायची कामं ती घरात न करता इथेच करायची.

"आज जवळून आला, वन्सं," भावजय मान वर न करता म्हणाली. "इतके दिवस मुखाबाहेरच्या खडकाच्या पलीकडून यायचा."

"कधीपासून ऐकतेस?"

"पहिल्यापासून. बंदच कधी झाला?"

मिस्त्रीण तिच्या शेजारी बसली. या बाईच्या मांडीला मांडी लावून आपण वर्षभर जेवलो आणि हिनं एका शब्दानं सांगितलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, आपणही विचारलं नव्हतं.

४

पुढचं काम मोठं होतं. सिलिंडरच्या आत भिंतीत खिडक्या असतात. एकीतून ताजी हवा-पेट्रोल आत येतं, दुसरीतून जळका धूर बाहेर पडतो. धुराची खिडकी कानशीनं वर वाढवली आणि कडा गुळगुळीत केल्या की इंजिन वरच्या वेगाला मोकळा श्वास घेतं. पण कानस एकदा जास्त चालली की सिलिंडरचा अख्खा ब्लॉक भंगारात. वडील हे काम करताना कुणाला शेडमध्ये शिंकूसुद्धा देत नसत.

मिस्त्रिणीनं आपला ब्लॉक घासला. मग कोपऱ्यातून जुना सुटा ब्लॉक ओढला आणि तोही तसाच घासला. या वेळी सवयीचं कारण नव्हतं. तिला बघायचं होतं. तो ब्लॉक दोन्ही हातांनी उचलावा लागे, तो काही घरंगळणार नव्हता. धाकट्याच्या फळीला खालून टेकू लावून तिनं तो वर ठेवला, शेडला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवून झोपली.

सकाळी कुलूप जागच्या जागी होतं. टेकू होता. फळीवर ब्लॉकच्या आकाराची कोरडी जागा होती आणि भोवतालची फळी ओली होती. तिनं त्या ओलीला बोट लावून जिभेला लावलं. खारट होतं.

ती तडक घरात गेली. भावजय केस विंचरत होती.

"तू नेतेस ना?" मिस्त्रीण म्हणाली. "फळीवरचं सामान तू नेऊन पाण्यात टाकतेस. खरं सांग, मी रागावणार नाही."

भावजयीचा कंगवा थांबला. "मला वाटत होतं तुम्हीच टाकता."

भावजयीचं मनगट हे एवढंसं. तो ब्लॉक तिच्यानं उंबऱ्यापर्यंतही गेला नसता. हे मिस्त्रिणीला आधीच माहीत होतं, तरी तिनं विचारलं होतं, कारण दुसरं उत्तर तिला नको होतं.

त्या दुपारी मुखाकडून आलेल्या आवाजाला वर शीळ होती, खिडकी घासल्यावर येते तशीच. आणि तो खडक मागे टाकून मुखातल्या दिव्याच्या खांबापर्यंत आला होता. खांबापाशी तो अडला. ओहोटी सरेपर्यंत तिथेच ओरडत राहिला आणि भरती लागली तरी आत न येता हळूहळू मागे गेला.

५

"आता पुरे कर," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी वय झाल्याचं सोंग सोडलं होतं. "मला ऐकू येतं. पहिल्या दिवसापासून येतं. म्हणूनच सांगतो."

शेडमध्ये ती दोघं आणि भावजय, तिघंच होती. मिस्त्रिणीसमोर सपाट काच होती, काचेवर पॉलिश पेपर चिकटवलेला. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, त्यावर उपडं ठेवून ती आठाच्या आकड्यात फिरवत होती. हेडची उंची घासून कमी केली की आत दाब वाढतो, आणि धक्का जोराचा बसतो. शेवटचं काम हेच होतं.

"एकच कर," काका म्हणाले. "तुझ्यापुरतं. दुसरं करू नकोस."

"का?"

"वर्षभर अन्न नाही, पाणी नाही, पेट्रोल नाही. पोरी, असं कोण येतंय, तू पाहिलंयस?"

"उचकी त्याची आहे."

"उचकी इंजिनाची आहे. वर कोण बसलंय ते विचारतोय मी. धक्क्याला लागलं तर घरात घेशील?"

"मी घेईन," भावजय म्हणाली. एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

काकांनी त्या पोराला होडी हाकायला शिकवली होती. आता त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते कशाला तरी शिव्या देत होते, बहुतेक समुद्राला. मिस्त्रिणीलाही भीती वाटत होती, ती काही दगडाची नव्हती. पण घाबरून काम अर्धं ठेवायचं, आपल्या फळीवर एक भाग आणि त्याची फळी रिकामी, हे तिच्या हातांना जमणारं नव्हतं.

तिनं आपलं हेड पुसून बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं आणि काचेवर उपडं घातलं.

६

ओहोटीला पुरता जोर चढला तेव्हा मिस्त्रिणीनं होडी सोडली. धाकट्याची फळी त्याआधीच रिकामी झाली होती. उजेड स्वच्छ होता. धक्क्यावर भावजय उभी होती आणि तिच्या मागे काका. कुणीही हात हलवला नाही.

मुखातून बाहेर जायला काही कष्ट नसतात, पाणीच ओढून नेतं. कसोटी परतताना. इंजिन मात्र असं चाललं होतं की वडिलांनी ऐकायला हवं होतं. प्रत्येक ठोका ठणठणीत, वर शीळ, कुठे अडखळणं नाही. तिला एवढा अभिमान वाटला की क्षणभर ती कशाला आलीय तेच विसरली.

खांबापाशी तिला होडी दिसली.

तोंड गावाकडे, इंजिन पूर्ण ताकदीवर. होडी ना पुढे येत होती ना मागे जात होती. ओहोटीच्या बरोबरीनं, जागच्या जागी. तिला आधी दिसली ती पाठ. निळा सदरा, खांद्यावर भावजयीनं शिवलेलं चौकोनी ठिगळ. होडी तोंडानं इकडे येत असताना हाकणाऱ्याची पाठ दिसायचं काही कारण नव्हतं. तो उलटा बसला होता. हात पुढे नेऊन थ्रॉटल धरलेला, आणि नजर समुद्राकडे.

"अरे!" ती ओरडली. दोन इंजिनांच्या गोंगाटात तिला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

तिनं होडी वळवली आणि त्याच्या शेजारी आणली. आता जरा पुढे झुकलं असतं तर चेहरा दिसला असता. पण तो ज्याच्याकडे एवढं निरखून पाहत होता तिकडेच तिची नजर गेली, आणि चेहरा पाहायचा राहून गेला.

चालत्या इंजिनामागे पाण्याला फेसाळ रेघ उठते. धाकट्याच्या इंजिनामागे ती उठत होती आणि हातभर अंतरावर पुसली जात होती. त्यापलीकडे मुखाच्या बाहेरपर्यंत पाणी सपाट होतं, इस्त्री मारलेल्या चादरीसारखं. वारा होता, दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या. त्या पट्ट्यावर एक सुरकुती नव्हती. पट्ट्याची कड पंख्याच्या मागे लागलेली होती.

धाकट्याच्या इंजिनाला उचकी लागली. कड बोटभर पुढे सरकली. इंजिन सावरलं, कड तिथेच थांबली.

मिस्त्रिणीनं पायाशी गुंडाळलेली दोरी उचलून फेकली. ती त्याच्या होडीवर आडवी पडली. त्यानं ती धरली नाही. दोरी घसरली आणि तिचं टोक त्या सपाट पाण्यात गेलं. तिनं घाईनं ओढून घेतली. टोक वीतभर कमी झालं होतं, आणि उरलेलं कोरडं होतं.

तेव्हा त्यानं मान न वळवता मोकळा हात वर केला. बोटं आत वळवली. मूठ.

बंद कर.

तिचं इंजिन आता तापत होतं, दाब वाढवलेलं हेड डब्यातले खिळे हलवल्यासारखं टकटकत होतं. तिनं थ्रॉटल सोडला नाही. होडी ओहोटी कापत आत निघाली, पाण्याला हरवून, जसं तिनं ठरवलं होतं तसं. बाकी ठरवलेलं तिच्या पाठीमागे खांबापाशी राहिलं. ती रडत होती आणि तोंडानं धाकट्याला सांगत होती की मला मुठी दाखवू नकोस, मी तुझी मोठी बहीण आहे.

७

धक्क्यावर भावजयीनं होडी धरली. "तो आहे?" तिनं विचारलं.

"आहे."

"येतोय?"

"त्याच्यामागे काहीतरी आहे," मिस्त्रीण म्हणाली. "तो येत नाहीये गं. पळतोय."

भावजयीनं दोरी खुंटीला बांधली, गाठ नीट आवळली आणि मग खाली बसली.

काकांना तिनं सगळं सांगितलं, मुठीसकट. "तू त्याचा वेग वाढवलास," काका म्हणाले, "तरी ते हातभरावरच आहे. म्हणजे त्याच्याबरोबर तेही वाढत असणार. आणि ते येतंय कुठे, तर आपल्याकडे. त्याला कळलंय म्हणून तो सांगतोय, बंद कर. ऐक त्याचं. एकदा तरी ऐक."

मिस्त्रिणीला यात चूक सापडली नाही. सगळी साखळी बरोबर होती, तिनं कडी कडी तपासून पाहिली. जोडीचं काम बंद केलं तर एखाद्या उचकीत धाकटा जाईल, आणि ते कदाचित मुखाबाहेरच राहील. चालू ठेवलं तर एक दिवस दोघंही धक्क्याला लागतील, आधी तो आणि हातभर मागे ते.

"ऐकू येतंय तुम्हाला, काका?" तिनं विचारलं.

मुखाकडून आवाज येत होता. ठणठणीत, वर शीळ, जोडीचं काम जसंच्या तसं. मग उचकी. ठोका परत लागला.

"तेवढी उचकी मी कधीच काढली असती," मिस्त्रीण म्हणाली. "त्यानं हात लावू दिला नाही."

ती शेडमध्ये गेली आणि दिवा लावला. जाड पितळी तार काढली, शेगड्याच्या जबड्यात आवळली आणि बारीक कानशीनं टोकाला उतार द्यायला लागली. फ्लोटची सुई म्हणजे काही मोठं काम नव्हे. टोक गोल हवं, भोकात नेमकं बसायला हवं, बस्स. पहिली सुई झाली. तिच्या स्वतःच्या इंजिनाला तिची गरजही नव्हती. तरी तिनं ती आपल्या फळीवर ठेवली आणि दुसरी तार आवळली.

दारात काका उभे होते. त्यांनी हळूच हात वर केला आणि मूठ वळून दाखवली.

मिस्त्रिणीनं कानस खाली ठेवली नाही. दुसऱ्या हाताचं बोट वर केलं, आणि काकांच्या डोक्यावरून, धक्क्यावरून, थेट मुखाकडे बघत ते गोल गोल फिरवलं.

"पाहू," ती म्हणाली, "आधी कोण दमतं ते."